तिन्हीसांजेचा दीड तास

वाचकहो, आधी एक कबुली देतो. माझ्या चार वर्षांच्या नातवाच्या हाती मोबाइल त्याच्या आईवडिलांनी नव्हे, मी दिला. पत्नीला अर्धांगवायूचा झटका आल्यापासून तिचे औषधपाणी, व्यायाम, जेवणखाण माझ्याकडे आहे. मुलगा आणि सून नोकरीसाठी रोज पावसहून रत्नागिरीला जातात. नातू दिवसभर आमच्यापाशी. पत्नीला भरवताना त्याने शांत बसावे, एवढाच माझा हेतू. पाहता पाहता दहा मिनिटांचे दोन तास झाले.

एके दिवशी आगरात पाणी लावून परतलो, तो पत्नी क्षीण स्वरात पाणी मागत होती. नातू तिच्या खाटेलाच टेकून बसला होता. तिची हाक मात्र त्याच्यापर्यंत पोचली नव्हती. रागावणार कुणावर? त्या पडद्यापुढे त्याला मीच बसवले होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सुचवलेली मर्यादा आपणही ध्यानी ठेवावी. पहिली दोन वर्षे पडदा नको. पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाकाठी फार तर एक तास, आणि तोही जितका कमी तितका बरा.

पण मर्यादा पाळायची कशी? सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक वाट दाखवली. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजे आणि घरोघरचे दूरदर्शन संच व मोबाइल दीड तास बंद होत. मला त्यातले महत्त्वाचे वाटले ते हे, की बंधन केवळ मुलांवर नव्हते. मोठ्यांनीही ते स्वीकारले होते.

आमच्याकडे भोंगा नाही, दिवेलागण आहे. देवापाशी दिवा लागला, की सर्वांचे मोबाइल फडताळात जातात. माझ्या सातच्या बातम्याही गेल्या, आणि खरे सांगतो, पहिला आठवडा नातवाइतकाच मीही अस्वस्थ होतो. तो रडला, रुसला. त्याच्या हातून मोबाइल हिसकावला नाही. ‘हे एवढे संपले की ठेवायचा’ असे आधीच सांगत गेलो. रिकाम्या झालेल्या हातांना काम मात्र दिले. आजीने दुबळ्या हाताने रबरी चेंडू दाबायचा आणि त्याने मोजायचे. एकोणिसानंतर तो थेट तिसावर उडी घेतो. आजी हसते आणि पुन्हा दाबते.

आपल्याही घरी रुग्ण आणि लहान मूल एकत्र असेल, तर स्वतःला फार दोष देऊ नका. पत्नीला अंघोळ घालताना आजही मी त्याला वीस मिनिटे मोबाइल देतो; फक्त त्या वेळेला आता शेवट आहे.

आताशा आजीची हाक आली, की भांडे घेऊन तोच आधी धावतो. पाणी पाजतो मात्र मीच, तिला नीट बसवून, घोटाघोटाने. तो शेजारी उभा राहून घोट मोजतो.