अमळनेरचा होमवर्क

शुक्रवारी संध्याकाळी बॅग घेऊन ऑफिसातून निघाले, तेव्हा सगळ्यांना वाटलं, चालली ही गोव्याला. मी चालले होते अमळनेरला. आणि तेही होमवर्क करायला!

त्याचं असं झालं. लॉ फर्ममध्ये दिवसभर कॉन्ट्रॅक्ट्स तपासून वैताग आला, म्हणून युरोपातल्या एका विद्यापीठाच्या ऑनलाइन सेमिनारला नाव घातलं. विषय : कायद्याचा इतिहास. आम्ही चौदा जण, कुणी नैरोबीतून, कुणी जकार्तातून. सरांनी असाइनमेंट दिली, ‘आपल्या गावाशी नातं असलेला एक कायदा निवडा आणि तो कुठपर्यंत पोचला ते शोधा.’ माझं गाव म्हणजे आईचं माहेर.

सुरत-भुसावळ लाइनवरचं हे स्टेशन. विप्रोची सुरुवात इथे १९४५ साली वनस्पती तुपापासून झाली, एवढं आयटीवाल्यांना ठाऊक असतं. मला बघायचं होतं तत्त्वज्ञान मंदिर. प्रतापशेठनी १९१६ साली काढलेली ही संस्था, देशभरातून अभ्यासक येऊन राहायचे. गंमत म्हणजे त्याच वर्षी, ९ मेला, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकर एका सेमिनारमध्ये जातिसंस्थेवरचा निबंध वाचत होते. जातीचा कायदा मनूने एकट्याने दिला हे खरं नाही, आधीपासून चालत आलेलं त्याने शास्त्रात बसवलं, असं त्यात म्हटलंय. आमच्या सेमिनारमध्ये आज आम्ही जे करतो, ते त्यांनी पंचविशीत करून ठेवलंय!

या तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला साने गुरुजी आले आणि १९२४ ते १९३० प्रताप हायस्कूलमध्ये मास्तर झाले. मुलांच्या वसतिगृहात तेच आई. पुढे १ मे १९४७ला पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून ते उपोषणाला बसले. मंदिर उघडायचं बडव्यांनी मान्य केलं तेव्हा ते सुटलं. त्याच वर्षी मुंबई प्रांताचा हरिजन मंदिर प्रवेश कायदा आला. ठरलं, माझा कायदा हाच.

पण सेमिनारमध्ये हे मांडलं की कुणी ना कुणी विचारणारच, दार उपोषणाने उघडलं की कायद्याने? आणि आधी ज्यांनी ठोठावलं त्यांचं काय? नाशिकच्या काळारामाचा सत्याग्रह २ मार्च १९३०ला सुरू झाला, पाच वर्षं चालला, दार उघडलं नाही. कायदा आला तरी भांडण संपलं नाहीच. जानेवारी १९४८मध्ये अहमदाबादला स्वामीनारायण पंथाच्या काही मंडळींनी दावा लावला, आम्ही हिंदूच नाही, हा कायदा आम्हाला लागू नाही. सुप्रीम कोर्टात तो निकालात निघाला १९६६ साली. निकाल लिहिला सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी, साताऱ्याच्या आपल्या माणसाने. अठरा वर्षं! आपण डेडलाइन दोन दिवस पुढे गेली तरी बोंबलतो.

हे सगळं मी आजीला रंगवून सांगत होते. ती म्हणाली, ‘पहिले जेवाले बठ.’ पानात फौजदारी डाळ होती. (खरंच हे नाव आहे. मिरची इतकी, की जामीनसुद्धा मिळत नाही.)

जेवताना मी सहज विचारलं, ‘आपल्या घरात काय होतं गं, त्या वर्षी?’ मला वाटलं होतं, पंढरीच्या वाऱ्या करणाऱ्या पणजोबांची एखादी छान गोष्ट निघेल. आजी तेव्हा आठ वर्षांची होती. ती म्हणाली, ‘कायदा देवळाचा होता. आपल्या ओसरीवर कुठे होता?’

सरपण घेऊन एक बाई यायची. तिला पाणी वरून, ओंजळीत. १९४७ नंतरही. १९५० साली घटनेने अस्पृश्यता संपवली त्यानंतरही. आजीनेसुद्धा, लग्न होऊन या घरात आल्यावर, तसंच घातलं.

घास हातातच राहिला. मी विचारलं, मग बंद कधी झालं? आजीला तारीख सांगता येईना. आई सातवी-आठवीत असताना शाळेतली मैत्रीण घेऊन आली आणि तिने सरळ माठातून पेला भरून तिच्या हातात दिला. कुणी काही बोललं नाही. आजीने तो पेला नंतर वेगळा घासून ठेवला. ‘दोन-तीन वेळा,’ ती म्हणाली. ‘मग सोडून दिलं.’

परतीच्या गाडीत मी दोनदा तो परिच्छेद लिहिला आणि दोनदा खोडला. नैरोबीच्या मुलीला काळाराम सांगणं सोपं असतं हो, आपली ओसरी सांगणं नाही. शेवटी पाठवला. सरांचं उत्तर एका ओळीचं : तुमच्याकडे पाणी घालणाऱ्यांची साक्ष आहे, पिणाऱ्यांची कुठे आहे?

आईची ती मैत्रीण आता धुळ्याला असते. आईकडे नंबर आहे. तो माझ्या फोनमध्ये सेव्ह केलाय, अजून लावलेला नाही.