विश्रामबागवाडा

पुण्यात तुळशीबागेच्या गजबजाटातून बाहेर पडून बाजीराव रस्त्यावर आले, म्हणजे विश्रामबागवाड्याचे दर्शनी अंग दृष्टीस पडते. सुरूच्या झाडासारखे घडविलेले नक्षीदार लाकडी खांब आणि त्यांवर तोललेला सज्जा पाहून अनोळखी वाटसरूही क्षणभर थबकतो. गंमत अशी, की रस्त्याला नाव आहे ते थोरल्या बाजीरावांचे. वाडा मात्र त्यांचा नातू दुसरा बाजीराव याचा.

आजोबांनी बांधलेल्या शनिवारवाड्यात नातवाचे मन रमत नसे, असे सांगतात. त्याच वाड्यात १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला होता, आणि त्या खुनाचा ठपका ज्यांच्यावर आला, ते रघुनाथराव म्हणजे या बाजीरावाचे वडील! विसाव्यासाठी १८०७ च्या सुमारास हा नवा वाडा उभा राहिला. परंतु धन्याच्या नशिबी विश्राम नव्हता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, पाठोपाठ राज्य गेले आणि बाजीरावाने उरलेले आयुष्य दूर ब्रह्मावर्तास कंठले.

राज्य बुडाल्यावर वाड्यांना कोण पुसतो? शनिवारवाडा १८२८ च्या आगीत भस्मसात झाला. तट तेवढे उरले. विश्रामबागवाड्याचे दैव निराळे. १८२१ मध्ये इंग्रज सरकारने येथे संस्कृत पाठशाळा उघडली. पेशवे श्रावणमासी विद्वानांना दक्षिणा वाटीत. त्याच दक्षिणेच्या रकमेतील काही भाग पाठशाळेकडे वळविण्यात आला. पेशव्याच्या रंगमहालात व्याकरण आणि न्याय यांचे पाठ घुमू लागले. पुढे इंग्रजी विद्याही आली. आजचे डेक्कन कॉलेज आपले मूळ याच पाठशाळेत शोधते.

मे १८७९ मध्ये एकाच रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा या दोहोंना आगी लावण्यात आल्या. बुधवारवाडा कायमचा गेला. विश्रामबागवाड्याचा पूर्वेकडील भाग जळाला. पण नगरपालिकेच्या आणि लोकांच्या पैशातून तो पुन्हा बांधला गेला. ज्या पेशव्याविषयी पुणेकरांना फारसा जिव्हाळा उरला नव्हता, त्याच्या वाड्यासाठी लोकांनी पदरमोड केली, ही गोष्ट लहान नव्हे.

१९३० पासून १९५९ पर्यंत शहराचा कारभार येथूनच चालला. टपालकचेरी, ग्रंथालय, पुण्याच्या इतिहासाचे प्रदर्शन यांनाही वाड्याने आसरा दिला.

लाकडी वाड्याला आगीइतकेच भय पाण्याचे. ओस पडलेल्या दालनात गळती कोणाच्या ध्यानी येत नाही, आणि तुळई आतल्या आत कुजत जाते. जेथे रोज कचेरी भरते, तेथे छपरावरचे एक कौल सरकले, तरी पहिला थेंब कारकुनाच्या दप्तरावर पडतो, आणि शाकारणी करणाऱ्याला त्याच दिवशी बोलावणे जाते.