ताईत

मूकपटांविषयींचें आमच्या पिढीचें ज्ञान बहुधा ऐकीवच असतें. म्हणून ‘शिराझ’ हा १९२८ सालचा मूकपट घरीं पाहावयास मिळाला, तेव्हां मीं मुलीलाही मुद्दाम बोलावून शेजारीं बसविलें. आम्हां दोघांत पंधरा दिवस बोलणें नव्हतें. मूकपट पाहावयास त्याची अडचण थोडीच?

जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन व हिमांशु राय यांचें हें चित्र. पुढें १९३४ सालीं मालाडला बॉम्बे टॉकीज उभारली ते हेच राय. कथा अशी : कुंभाराच्या घरीं वाढलेली सेलिमा गुलाम म्हणून विकली जाते आणि शहाजादा खुर्रमच्या वाड्यांत येते. कुंभाराचा मुलगा शिराझ तिच्या शोधांत मागोमाग जातो. खुर्रमचें मन तिच्यावर जडतें. परंतु जिचें कुळ ठाऊक नाहीं अशा दासीला सिंहासनाशेजारीं बसवावें कसें? शेवटीं तिच्या लहानपणींच्या ताइतावरून ती राजकुळांतली ठरते, आणि सारी अडचण क्षणांत विरून जाते.

मीं समाधानाचा सुस्कारा टाकला. मुलगी मात्र म्हणाली, “बाबा, ताईत नसता तर?”

उत्तर सुचेना, तेव्हां मीं इतिहासाचा आश्रय घेतला. खरी अर्जुमंद बानू आसफखानाची मुलगी, नूरजहानची भाची. १६०७ त वाङ्‌निश्चय झाला, १६१२ त विवाह. निषिद्ध असें त्यांत कांहींच नव्हतें. १६३१ सालीं तापीकांठच्या बऱ्हाणपुरास चौदाव्या बाळंतपणांत तिचा अंत झाला.

“म्हणजे बंधन कल्पिलें कथाकारानें, आणि सोडविलेंही त्यानेंच,” ती म्हणाली. “मोडलें मात्र कोणींच नाहीं.”

पंधरा दिवसांपूर्वीं तिनें एका तरुणाचें नांव माझ्यापुढें ठेविलें होतें, आणि माझा पहिला प्रश्न होता, ‘कुळ कोणतें?’ मीही ताईतच मागत होतों!

चित्राच्या शेवटीं वृद्ध, आंधळा शिराझ ताजमहालाचा आराखडा करतो. ज्याच्यापाशीं दाखवावयास कुळाची कांहींच खूण नव्हती, त्याच्याच हातून बादशहाचें प्रेम दगडांत उभें राहतें. हें इतिहासास धरून नाहीं. पण त्या रात्रीं मला इतिहासाहून तेंच अधिक खरें वाटलें.

दुसऱ्या दिवशीं मीं त्या तरुणास चहाला बोलाविलें. तो आला, संकोचून बसला. मीं त्याला पुष्कळ विचारलें. एक प्रश्न मात्र ओठांवरच राहूं दिला. मुलीनें माझ्याकडे पाहिलें. शब्दाची गरज पडली नाहीं.