उलट्या वाटेचं विमान

धाकट्या भावाकडे हैदराबादला जायचं ठरलं. नागपूरहून उडायचं की गोंदियाहून, यावर भाच्यानं मोबाइलवर बोट फिरवलं. “मामा, नागपूर ते गोंदिया हवाई अंतर १३७ किलोमीटर. वीसेक मिनिटं.” असं विमान या दोन शहरांत उडत नाही, पण आकडा तयार! मी कंपासपेटीतली पट्टी काढून नकाशावर ठेवली. नागपूरचं सोनेगाव आणि गोंदियाचं बिरशी यांना जोडणारी रेघ मोहाडीजवळून गेली. म्हणजे आम्ही भंडारेकर दोन विमानतळांच्या मधोमध. आपल्या वाट्याला धावपट्टी नाही, निवड तेवढी आहे.

बिरशीची धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेली. वैमानिकांचं प्रशिक्षण तिथे बरीच वर्षं चालत आलंय, तिकीट काढून बसायची सोय मात्र अलीकडची. मार्च २०२२ मध्ये इंदूर-गोंदिया-हैदराबाद सेवा आली आणि काही महिन्यांत थांबली. १ डिसेंबर २०२३ला हैदराबाद-तिरुपतीची आली. मी त्याच हिवाळ्यात हौसेनं बिरशीची तिकिटं काढली. आपल्या भागातलं विमान आपणच भरलं नाही तर टिकेल कसं, असंही मनात होतं.

घरून साडेनवाला निघालो. वरठी, मोहाडी, तुमसर. तुमसरच्या बाजारात निघालेल्या धानाच्या ट्रॅक्टरांमागे गाडी रांगत होती. माडगीच्या पुलावर आईनं वैनगंगेतल्या नृसिंहाला हात जोडले आणि विचारलं, “हैदराबाद तं दक्षिणेकडं नं? मंग आपून उलटे कायले चाल्लो?”

उत्तर नव्हतं. तिरोडा, गोंदिया, आणखी पुढे बिरशी. नव्वदेक किलोमीटरना अडीच तास लागले.

विमान एटीआर, पंख्यांचं. चढायचं मागच्या दारानं, एका रांगेत दोन-दोन खुर्च्या. पंख वर असल्यामुळे खिडकीतून खालचं सगळं मोकळं दिसतं. पंखा सुरू व्हायच्या आधी आईनं पाती मोजली. सहा. मग पाती दिसेनाशी झाली आणि तिथे नुसती करडी चकती उरली.

वर गेल्यावर कापलेल्या बांध्या आणि मधेमधे चमकणाऱ्या बोड्या दिसल्या. इतकं पाणी आपल्या भागात आहे, हे रस्त्यावरून कधी कळलंच नव्हतं. घरी पट्टी ठेवली होती तेव्हा बिरशी-हैदराबादची रेघ साकोली आणि नवेगावबांधच्या मधून लाखांदूरकडे उतरत होती. आईला म्हटलं, “आपल्याच जिल्ह्यावरून चाललोय.”

“तं मंग तिथूनच काऊन नाही बसलो?”

शेजारचा प्रवासी हसला. मीही हसलो, पण हिशेब डोक्यात सुरू झाला होता. बिरशीहून हैदराबाद सरळ रेषेत सुमारे ५१५ किलोमीटर, नागपूरहून सुमारे ४३०. भंडाऱ्याचा माणूस ईशान्येला नव्वद किलोमीटर जातो, तिथून वर चढतो आणि परत आपल्याच तालुक्यांवरून दक्षिणेला लागतो.

शमशाबाद विमानतळावर उतरून धाकट्याच्या दारात पोचेपर्यंत चार वाजले. रस्त्यावर अडीच तास, बिरशीत बसणं सव्वा तास, हवेत दीड तास, हैदराबादच्या गर्दीत पुन्हा सव्वा तास. साडेसहा तासांत विमानाचे दीड. भाच्याच्या मोबाइलनं सांगितला असता तो एवढाच भाग.

परतीची तिकिटं मी नागपूरची काढली होती. सोनेगावहून भंडारा दोन तासांत आलं, एकूण प्रवासात तासाभराहून जास्त वाचला. मी खूश. आई मात्र गाडीत पाय चेपत बसली होती. नागपूरला विमानातून उतरल्यापासून बाहेरच्या दारापर्यंत तिला जेवढं चालावं लागलं, तेवढ्यात म्हणे बिरशीचं अख्खं विमानतळ दोनदा फिरून झालं असतं.

पुढच्या वेळी बिरशीहूनच जायचं, असं तिनं सांगून ठेवलंय.