एका दिवसाचे मथळे : १२ जुलै १९७९

पारशिवनी, जि. नागपूर
१२ जुलै

चि. भाचीस,


गुरुवार, १२ जुलै १९७९ या दिवशी देशातल्या वाचकापुढे तीन मोठे विषय होते : आकाशातून कोसळणारे स्कायलॅब, लोकसभेतला अविश्वासाचा ठराव आणि बर्मिंगहॅमला सुरू होणारी कसोटी. प्रत्येकाचे पुढे काय झाले हे आज ठाऊक आहे. म्हणूनच त्या दिवशीच्या वृत्तपत्राचे पान आज वाचणाऱ्याला हसू येते, आणि त्या हसण्यातून शिकण्यासारखेही पुष्कळ आहे.

सर्वांत मोठी धास्ती स्कायलॅबची होती. अमेरिकेचे हे पहिले अंतराळस्थानक १४ मे १९७३ रोजी सोडण्यात आले. अंतराळवीरांच्या तीन तुकड्या त्यात राहून आल्या आणि शेवटची फेब्रुवारी १९७४ मध्ये परतली. पुढे स्पेस शटल तयार झाले की स्थानकाला वरच्या कक्षेत ढकलायचे, असा बेत होता. पण शटल रखडले. त्यातच सूर्य अपेक्षेपेक्षा अधिक सक्रिय झाला, वातावरणाचे वरचे थर तापून फुगले आणि त्यांच्या घर्षणाने सुमारे ७७ टनांचे हे धूड खाली येऊ लागले. त्याची कक्षा विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना ५० अंशांपर्यंत जाई, म्हणजे सगळा भारत तिच्याखाली येई.

तुकडा कोणाला तरी लागण्याची शक्यता १५२ मध्ये एक, असा नासाचा हिशेब होता. ठरावीक एका माणसाला तो लागण्याची शक्यता मात्र कित्येक अब्जांत एक, म्हणजे जवळजवळ शून्य होती. दोन्ही आकडे खरे. पण भीतीला पहिलाच आकडा मानवला. भारतात पोलिसांना सतर्क राहण्याच्या सूचना गेल्या. तेलंगणातल्या काही खेड्यांत, आता मरायचेच आहे तर खाऊन-पिऊन घ्यावे म्हणून लोकांनी कोंबड्या-बकऱ्या कापल्याच्या आठवणी सांगितल्या जातात. २०२१ साली आलेला ‘स्कायलॅब’ हा तेलुगू चित्रपट त्याच दिवसांवर बेतलेला आहे.

प्रत्यक्षात ११ जुलैच्या रात्री, भारतीय वेळेनुसार दहाच्या सुमारास, स्कायलॅब वातावरणात शिरून फुटले. बरेच तुकडे हिंदी महासागरात पडले, उरलेले पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या विरळ वस्तीच्या भागात. माणूस एकही दगावला नाही.

रात्री दहाची ही वेळ वृत्तपत्राच्या दृष्टीने फार अडचणीची होती. मोठ्या शहरातले दैनिक एका रात्रीत एकाहून अधिक आवृत्त्या काढते. लांबच्या गावांना जाणारी डाक आवृत्ती आधी छापली जाते आणि तिचे गठ्ठे एसटीने वा गाडीने रवाना होतात. शहर आवृत्ती मागाहून निघते व तिला उशिराची बातमी मिळते. नागपूरहून अंक येणाऱ्या पारशिवनीसारख्या गावांचा वाचक हा डाक आवृत्तीचा वाचक. ज्या आवृत्तीची पाने दहाच्या आत मशीनवर चढली, तिच्यात स्कायलॅब अजून आकाशातच होते. सकाळी चहाबरोबर ती धास्ती वाचणाऱ्याच्या लेखी संकट यायचे होते. प्रत्यक्षात ते रात्रीच टळले होते. आकाशवाणीच्या सकाळच्या बातम्या आणि हातातला अंक यांचा मेळ त्या दिवशी अनेक घरांत बसला नसणार.

पुढचा भाग तर अधिक मौजेचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘एक्झॅमिनर’ या वृत्तपत्राने ७२ तासांच्या आत पहिला तुकडा आणून देणाऱ्याला १०,००० डॉलरचे बक्षीस लावले होते. एस्पेरन्स या ऑस्ट्रेलियन गावातल्या स्टॅन थॉर्नटन या १७ वर्षांच्या मुलाने घराशी पडलेले तुकडे उचलले, विमान गाठले आणि बक्षीस मिळवले. त्याच गावच्या पालिकेने कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलरचा दंड ठोठावला. तो दंड २००९ साली भरला गेला, तोही नासाने नव्हे, तर अमेरिकेतल्या एका रेडिओ निवेदकाने आपल्या श्रोत्यांकडून पैसे जमवून.

दुसरा विषय दिल्लीचा. ११ जुलै रोजी विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांनी मोरारजी देसाई यांच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला. जनता पक्षातून माणसे फुटत गेली आणि १५ जुलैला मोरारजींनी राजीनामा दिला. ठराव मताला आलाच नाही. २८ जुलैला चरणसिंग पंतप्रधान झाले आणि ठराव मांडणारे यशवंतरावच उपपंतप्रधान झाले. हे सरकारही लोकसभेला सामोरे न जाता २० ऑगस्टला पडले. १२ तारखेच्या अंकावरून जो कोणी भाकीत करू गेला असता, त्याच्या हाती यातले काहीही लागले नसते.

तिसरा विषय क्रिकेटचा. बर्मिंगहॅमला इंग्लंडविरुद्धची पहिली कसोटी १२ जुलैलाच सुरू झाली, त्यामुळे सकाळच्या अंकात फक्त आशा छापता येत होती. इंग्लंडने ५ बाद ६३३ धावांवर डाव घोषित केला, डेव्हिड गावरने नाबाद २०० धावा काढल्या आणि भारत एक डाव व ८३ धावांनी हरला. इंग्लंडचे पडलेले पाचही बळी एकट्या कपिल देवचे होते.

या तीन विषयांपलीकडे, अंतराळाच्याच क्षेत्रातली एक मोठी गोष्ट त्या दिवशी दूर श्रीहरिकोट्याला घडत होती. भारताचा स्वतःचा प्रक्षेपक एसएलव्ही-३ पहिल्या उड्डाणाच्या तयारीत होता. १० ऑगस्ट १९७९ चे ते उड्डाण फसले. १८ जुलै १९८० रोजी त्याच प्रक्षेपकाने रोहिणी उपग्रह कक्षेत पोचवला. देश दुसऱ्याचे यान डोक्यावर पडेल म्हणून आकाशाकडे पाहत होता, तेव्हा देशातलीच माणसे आकाशात जाण्याची वाट तयार करत होती.

या सगळ्यात त्या दिवशीच्या वार्ताहरांचा वा उपसंपादकांचा दोष नाही. टेलिप्रिंटरवर आलेला मजकूर रात्रीतून मराठीत आणून, वेळेत पान लावून त्यांनी त्या क्षणी ठाऊक होते ते छापले. मथळा आजची स्थिती सांगतो, उद्याचा निकाल सांगत नाही. पेंच धरणाचे पाणी असो, वाघाचा वावर असो की निवडणुकीचा अंदाज, आजचा मथळाही याच हिशेबाने वाचावा : बातमी गंभीरपणे घ्यावी, भाकितापुढे दोन दिवस थांबावे. आणि गावोगावच्या वाचनालयांनी वर्षातले काही अंक तरी रद्दीत न घालता बांधून ठेवावेत, कारण बातमी कशी वाचावी हे शिकवणारे याहून चांगले पुस्तक नाही.



तुझा,
मामा