जाळे ओढणारे हात

जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावर एकेकाळी हेरिंग मासळीचा मोठा हंगाम असे. वसंत ऋतूत मासे किनाऱ्याशी येत आणि त्यांच्यासाठी दूरदूरच्या गरीब खेड्यांतून मजूर येत. जाळ्यातील मासळी उपसताना सर्वांचे हात एका लयीत चालावेत म्हणून ते जे गीत गात, ते ‘सोरान बुशी’. विसाव्या शतकाच्या मध्यास किनाऱ्यावरील हेरिंग नाहीसे झाले, हंगाम संपला. गीत मात्र उरले.

काम संपल्यावर कामगाराच्या गाण्याचे काय होते, हा प्रश्न इतिहास शिकविताना आम्हांला नेहमी पडतो. बहुधा ते एखाद्या संग्रहात जाऊन पडते. येथे तसे घडले नाही.

१९५४ साली शिकोकू बेटावरील कोची शहरात, युद्धोत्तर मंदीतून शहराला उभारी मिळावी या हेतूने, ‘योसाकोई’ नृत्योत्सव सुरू झाला. संगीतकार ताकेमासा एइसाकु यांनी नर्तकांच्या हाती ‘नारुको’ दिले. शेतातील पाखरे हाकलण्याचे हे लाकडी साधन नृत्यात तालवाद्य झाले. पुढे होक्काइदो विद्यापीठातील हासेगावा गाकु या विद्यार्थ्याने तो उत्सव पाहिला आणि १९९२ मध्ये साप्पोरो येथे ‘योसाकोई सोरान’ उत्सव उभा राहिला. त्याचे मुख्य नियम दोनच : हाती नारुको असावे आणि संगीतात सोरान बुशीची चाल यावी. बाकी रॉक संगीत, पोशाख, पदन्यास, सारे पथकाच्या मर्जीवर. पहिल्या वर्षी १० पथके आली होती.

त्याच सुमारास अगदी उत्तर टोकाच्या वाक्कानाई शहरातील एका माध्यमिक शाळेत, जेथे पूर्वी मुलांच्या बेशिस्तीने शिक्षक त्रस्त होते, गायक इतो ताकिओ यांच्या नव्या ढंगाच्या सोरान बुशीवर मुले नाचू लागली. गुडघे वाकवून, कंबर खाली नेऊन, लाटा आणि जाळ्याची ओढ अंगाने दाखविणारे हे नृत्य कष्टाचे आहे. आज जपानभरच्या शाळांच्या क्रीडादिनी ते होते.

ही मुले मजुरांच्या हालचालींची लाज बाळगत नाहीत आणि त्या मजुरीत पुन्हा अडकतही नाहीत. आम्हांला हेच मोलाचे वाटते. आपल्या समाजानेही जन्माने लादलेली कामे निर्धाराने सोडली; ते योग्यच झाले. परंतु त्या कामांसोबत कष्टकऱ्यांची सारी गाणीही टाकून द्यावीत, असे नाही. लादलेले काम नाकारणे आणि राबणाऱ्या हातांची लय स्वेच्छेने जपणे, दोन्हींच्या मुळाशी एकच स्वाभिमान आहे.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे : सुट्टीत घरी आलेल्या मुलांना आजीजवळ बसवा. जात्यावरच्या ओव्या, मोटेवरची गाणी तिला आठवत असतील, तर मुलांनी ती वहीत उतरून घ्यावीत. त्यांवर नाचायचे कसे, हे मुले स्वतः ठरवतील.