खानावळ, उपाहारगृह, हॉटेल : पाटी नेमकी कुणासाठी?

मराठीत बाहेर खाण्याच्या जागांना शब्दांची कमी नाही. टपरी, गाडा, खानावळ, भोजनालय, उपाहारगृह, अमृततुल्य, धाबा, मेस, रेस्टॉरंट. शब्द बदलला की पदार्थ बदलतो, भाव बदलतो, बसायची सोय बदलते, असं भाषेचे जाणकार सांगतात. बरोबर आहे, पण अर्धंच. आपल्या समाजात या प्रत्येक शब्दाला आणखी एक अर्थ चिकटलेला होता : आत कोण येऊ शकतो. हा अर्थ पाटीवर लिहायची गरज पडत नव्हती, कारण तो सगळ्यांना पाठ होता.

आमच्या गावात स्टँडजवळच्या पत्र्याच्या शेडला सगळे ‘हाटेल’ म्हणायचे. माझा आजाही हाटेलच म्हणायचा. पण त्याच्यासाठी हाटेल म्हणजे बाहेरच्या भिंतीतला कोनाडा आणि त्यात पालथा घातलेला, कान तुटलेला कप. कप आपणच विसळायचा, चहा वरून ओतला जायचा, पैसे खाली ठेवायचे. पुढे आजा मुंबईला गोदीत कामाला लागला आणि खुर्चीवर बसून पहिला चहा प्याला तो इराण्याकडे. ही गोष्ट सांगताना चहा कसा होता ते तो कधीच बोलला नाही. खुर्चीचंच सांगायचा. आज इराणी हॉटेलं बंद पडतात तेव्हा वर्तमानपत्रं बनमस्क्याच्या आठवणी काढतात. आमच्या घरातली आठवण वेगळी आहे.

‘खानावळ’ म्हटलं की अनेकांना घरगुती ऊब आठवते. गिरणगावातल्या खानावळी बायकांच्या कष्टावर चालल्या. त्यांच्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते मोठंच काम. पण कामगार खानावळीत जेवायला बसायचा तो बहुतेक वेळा आपल्या गावच्या आणि आपल्या जातीच्या माणसांत. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी विणखात्यात अस्पृश्यांना घेत नाहीत, हा प्रश्न बाबासाहेबांनी लावून धरला होता. एका बावट्याखाली आलेला कामगार साच्यावर वेगळा होता तसा ताटावरही वेगळा होता. ‘कामगार एकजूट’ म्हणणाऱ्यांनी ताटाचा हिशोब फारसा केलेला दिसत नाही.

जातीच्या नावाच्या पाट्या तर आजही आहेत. ‘मराठा खानावळ’, ‘लिंगायत खानावळ’ या पाट्या वाचून कुणी थबकत नाही. आता आमच्या जातींच्या नावाची खानावळ डोळ्यांपुढे आणून बघा. रक्ती, वजडी, चान्या हे आमच्या आयांच्या हातचं खाणं. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून ते पुस्तकात आणलं. पाटीवर ते अजून आलेलं नाही.

आणि ‘शुद्ध शाकाहारी’! शाकाहारी हा पदार्थाचा शब्द आहे, त्याबद्दल तक्रार नाही. कुणी काय खावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण ‘शुद्ध’ हा शब्द भाजीबद्दल बोलत नाही. एक ताट शुद्ध ठरलं की दुसरं आपोआप काय ठरतं, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

या शब्दाला उत्तर देणारं एक हॉटेल कोल्हापुरात निघालं होतं. राजवाड्याच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना पाणी शिवल्याबद्दल सवर्ण नोकरांनी मारहाण केली. शाहू महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढायला लावलं. त्याचं नाव ‘सत्यसुधारक’. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्याले आणि सोबतच्या सवर्णांनाही पाजला. राजाने प्यालेला चहा नाकारायची सोय कुणाला राहिली?

पण प्रत्येक हॉटेलासमोर महाराजांची गाडी उभी राहणार नव्हती, त्यासाठी कायदा लागतो. 1923 च्या बोले ठरावात पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने आले, पण ते सार्वजनिक पैशातून चालणारे. हॉटेल खासगी मालकाचं, म्हणून ते त्यात बसत नव्हतं. ही भिंत संविधानाच्या अनुच्छेद 15(2) ने पाडली. दुकान, उपाहारगृह, हॉटेल यांच्यासाठी तिथे सरकारी पैशाची अटच नाही. 29 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत ‘दुकान’ म्हणजे नेमकं काय, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी शब्द रुंद केला : जो मालक येईल त्याला सेवा द्यायला तयार आहे, त्याची जागा म्हणजे दुकान. पुढे 1955 च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने, म्हणजे आजच्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने, ‘हॉटेल’ची व्याख्या केली. त्यात अल्पोपाहारगृह, बोर्डिंग हाऊस, कॉफी हाऊस आणि कॅफे सगळे एका शब्दात आणले. ‘जागा’ या शब्दात घर आणि तंबूसुद्धा घेतला. आणि सार्वजनिक हॉटेलातली भांडी वापरू न देणं हाही गुन्हा ठरवला. माझ्या आजाचा कोनाडा या एका ओळीत आहे.

जुलै 2024 मध्ये मुजफ्फरनगरच्या पोलिसांनी कावड यात्रेच्या वाटेवरच्या खाणावळवाल्यांना मालकाचं नाव पाटीवर लावायला सांगितलं. 22 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली : कोणतं अन्न मिळतं ते सांगा, नाव सांगायची सक्ती नाही. पाटीवर पदार्थ असावा की माणूस, हाच वाद.

पुण्यात शिकायला गेलो तेव्हा महिन्याच्या जेवणासाठी एका काकूंकडे विचारलं होतं. घरगुती खानावळ, स्वच्छ, स्वस्त. काकू गोड बोलल्या. आडनाव विचारलं, मग गाव, मग ‘म्हणजे तुम्ही कोण?’ मग म्हणाल्या, ‘अरे, जागा कालच भरली.’ दोन दिवसांनी माझ्या वर्गातल्या कुलकर्ण्याला तिथेच जागा मिळाली. घरात चालते म्हणून ती खानावळ कायद्याबाहेर नव्हती. मला तेव्हा हे सांगणारं कुणी नव्हतं. याच कायद्याच्या कलम 12 प्रमाणे, अनुसूचित जातीच्या माणसाबाबत असा गुन्हा घडला तर तो अस्पृश्यतेमुळेच घडला असं न्यायालय गृहीत धरतं. तसं नव्हतं हे समोरच्याने सिद्ध करायचं.

यंदा पुतणी शिकायला त्याच शहरात गेली आहे. खानावळ आता ‘होममेड टिफिन’ झाली आहे आणि चौकशी व्हॉट्सअॅपवर होते. परवा तिने एक जाहिरात पाठवली : ‘फक्त चांगल्या घरातल्या मुलींसाठी.’ मी तिला म्हटलं, स्क्रीनशॉट ठेव, पूर्ण नाव लिहून विचार, आणि नकार आला तर फोनवर नको, लेखीच माग.